लोइसचा ओक

रोसाल्बा ऑलगुड दारात येऊन उभी राहिली, तेव्हा खासगी तपास करणारी हेस्टर प्रुइट बोटांच्या भेगांना मलम लावत बसली होती. ड्राय फोर्क गावच्या हवेत महिना कुठलाही असो, बोटं फुटतातच. रोसाल्बाचे हातही तसेच होते, शिवाय तळव्यांना घट्टे पडलेले.

तिनं खुर्चीत बसायच्या आतच विषयाला हात घातला.

"माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं झाड मरतंय. ते मी मारलेलं नाही. एवढं तुम्ही सिद्ध करून द्या."

"तुम्ही मारलं नाही हे सिद्ध करायचं, की कोणी मारलं हे शोधायचं?" हेस्टरनं विचारलं.

"दुसरं सापडलं की पहिलं आपोआप सुटेल."

हेस्टरनं मलमाची डबी बंद केली. बाई तिला आवडली, हे कोपऱ्यात बसलेल्या ऑरिन डेल्कनं ओळखलं. ऑरिन पूर्वी शेरीफच्या हाताखाली होता. आता हेस्टरची गाडी चालवायचा, दारं ठोठावायचा आणि तिला जे एका नजरेत दिसे ते तीन नजरांत पाहायचा.

रोसाल्बानं सगळं थोडक्यात सांगितलं. वॉरन ऑलगुडची पहिली बायको लोइस हिनं माहेराहून, नेब्रास्काहून, ओकचं रोप आणून अंगणात लावलं होतं. या कोरड्या डोंगरात जिथं ज्युनिपर आणि सेजच्या झुडपांपलीकडे आपणहून फारसं काही वाढत नाही, तिथं त्याचा दुमजली घराएवढा वृक्ष झाला. लोइस गेल्यावर तिची राख वॉरननं त्याच झाडाखालच्या मातीत मिसळली. पाच वर्षांनी, गेल्या सप्टेंबरमध्ये, त्याच झाडाखाली त्यानं रोसाल्बाशी लग्न केलं.

यंदा मे महिन्याच्या शेवटी ओकला पालवी फुटली. दोन आठवड्यांत ती कडेनं करपून गळाली. मग पुन्हा पालवी आली, आणि आता तीही गळत होती. वॉरननं बोलणंच टाकलं होतं. तो पाहुण्यांच्या खोलीत झोपायचा. गावातल्या बायका दुकानात रोसाल्बाला पाहून आवाज खाली आणायच्या. सवतीचं झाड तिच्या डोळ्यांत सलत होतं, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

"वॉरनला काय वाटतं?" हेस्टरनं विचारलं.

"तो अर्धा दोष मला देतो, अर्धा झाडवाल्याला. पानं पिवळी पडत होती म्हणून त्यानं पालवी फुटल्यावर बुंध्याला भोकं पाडून लोहाचं औषध भरलं. त्यानंतरच पानं करपली. वॉरननं त्याला अंगणात पाय ठेवायची बंदी केलीय, आणि त्याचा परवाना काढून घ्या म्हणून नगर समितीकडे तक्रार केलीय. त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली."

"झाडवाला कोण?"

"टोबायस क्रेन."

ऑरिननं मान वर केली नाही, पण त्याचे कान तापले. टोबायस क्रेनच्या घरात गेली चार वर्षं जी जोलीन राहत होती, ती त्याआधी चौदा वर्षं ऑरिनची बायको होती.

"क्रेननंच केलं असणार," गाडीत बसताबसता ऑरिन म्हणाला. "औषध भरलं आणि झाड मेलं. यात शोधायचं काय?"

"झाड अजून पाहिलंही नाहीस तू," हेस्टर म्हणाली.

ओक खरोखरच भव्य होता, म्हणून त्याची दशा जास्त वाईट दिसत होती. भर उन्हाळ्यात फांद्या जवळजवळ उघड्या, मधेच कुठे बोटभर लांबीची करपलेली पालवी. मागे तपकिरी डोंगर आणि त्यांच्याही मागे बर्फाची शिखरं.

हेस्टर बुंध्याशी वाकली. मुळांच्या फुगीर भागात बारीक भोकं होती, प्रत्येकात बूच. ऑरिननं ती बोटानं एकेक करून दाखवली. हेस्टरनं मान डोलावली आणि झाडाकडे पाठ करून उलट्या दिशेनं चालू लागली. फांद्यांची टोकं जिथं संपत होती, तिथं ती थांबली.

बुंध्याभोवती लाकडाच्या चिपांचा जाड थर होता. तो संपायच्या सुमारास गवत मेलेलं होतं, झाडाभोवती कडं घातल्यासारखं. कड्यात एक गूजबेरीचं झुडूप होतं, तेही वाळून काटक झालेलं. कड्याबाहेर गवत हिरवंगार.

"चिपा कोणी टाकल्या?"

क्रेननं, असं रोसाल्बा म्हणाली. पानगळ झाल्यावर, नोव्हेंबरात. जमिनीतली ओल टिकावी म्हणून. त्यानंच तिला हिवाळ्यात पाणी घालायला शिकवलं होतं. ऑक्टोबरात अंगणातले पाणीनळ बंद करून पाइपात हवा मारतात, नाहीतर थंडीनं फुटतात. मग वसंतापर्यंत झाडाला बर्फाचाच आधार, आणि गेला हिवाळा तर ठणठणीत कोरडा गेला. म्हणून उबदार दिवस पाहून ती दर महिन्याला तळघराच्या नळाला लांब नळी जोडायची आणि ती ओढत झाडाभोवती फिरायची.

"पाणी बुंध्याशी घालायचं नाही, फांद्यांच्या टोकांखाली घालायचं, असं क्रेननं बजावलं होतं," ती म्हणाली. "पाणी पिणारी मुळं तिथं असतात."

"म्हणजे या कड्यात."

"हो." रोसाल्बानं मेलेल्या गवताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. हे तिच्या विरुद्ध जातंय, हे तिलाही कळलं.

हेस्टरनं चिपा बाजूला सारल्या. खाली मातीवर राखाडी कण चिकटले होते, भिजून फुटलेल्या गोळ्यांसारखे. तिनं ते कागदात बांधून घेतले. मग ती बुंध्याच्या पलीकडे गेली. तिथं दोन अर्धवट पुरलेल्या दगडांमध्ये एक उघडा तुकडा होता.

तिथं लोइसची आयरिसची फुलझाडं होती, रोसाल्बानं सांगितलं. फिकट जांभळी. यंदा उगवलीच नाहीत, तीही मेली. हेस्टरनं खिशातला चाकू काढून तिथली माती कोपरभर खोल उकरली.

"ऑरिन, काय दिसतंय?"

"काही नाही. नुसती माती."

"बरोबर," हेस्टर म्हणाली आणि चाकू पुसून ठेवला.

वॉरन ऑलगुड घरात होता. धिप्पाड, शांत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं बसा म्हटलं, पण बायकोकडे पाहिलं नाही. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. ओकखाली वॉरन आणि रोसाल्बा, तिच्या पायांशी दोन दगड आणि त्यांच्यामध्ये तलवारीसारख्या हिरव्या पानांची दाटी. वॉरनची मुलगी ग्रेटा एका कडेला उभी होती. तिच्या हातात नवरीचा गुच्छ होता, आणि तो तिनं कोणाचा तरी ओला कोट धरावा तसा अंगापासून लांब धरला होता. हेस्टर त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. फोटो सुंदर आलाय, असं ऑरिन भिडेखातर म्हणाला.

वॉरनकडून कळलं ते एवढंच. लग्नानंतर तो आणि रोसाल्बा ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गेले होते. घराची किल्ली ग्रेटाकडे होती, आणि शेजारी लिंडही अधूनमधून नजर ठेवून होता.

"झाडावर कोणाचा राग होता?" हेस्टरनं विचारलं.

"लिंडचा होता. त्याच्या छतावरच्या सौरपट्ट्यांवर सावली पडायची. बाकी..." तो थांबला. बाकीचं नाव त्याला बायकोसमोर घ्यायचं नव्हतं, आणि न घेतल्यानंच ते घेतल्यासारखं झालं. रोसाल्बा उठून स्वयंपाकघरात गेली.

हॉवर्ड लिंड कुंपणाशीच सापडला. वर्षानुवर्षं त्यानं या ओकवरून नगर समितीला भंडावून सोडलं होतं, हे तो स्वतःच सांगत होता. त्याची पलीकडे कुरणंही होती. त्याच्या कुंपणालगत फिकट जांभळ्या आयरिसची रांग ऐन बहरात होती.

"छान आहेत," हेस्टर म्हणाली.

"लोइसनं दिलेली. तिच्याच वाफ्यातली. वाद झाडाशी होता हो माझा, तिच्याशी नव्हता."

झाड मेल्यानं त्याचं तर काम झालं, असं ऑरिन म्हणाला. लिंड त्याच्याकडे जरा कीव केल्यासारखा पाहत राहिला. काम आधीच झालं होतं, त्यानं सांगितलं. लग्नाच्या दिवशी वॉरन खुशीत होता. आडव्या येणाऱ्या दोन फांद्या काढून देतो, असं त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं, आणि फेब्रुवारीत क्रेननं त्या काढल्यादेखील. बुंध्याच्या या बाजूला दोन ताज्या गोल खुणा दिसत होत्या.

"आणखी काय म्हणाला वॉरन त्या दिवशी?" हेस्टरनं विचारलं.

"ग्लास उंचावून म्हणाला, आजपासून हा ओक रोसाल्बाचा. टाळ्या पडल्या. मी जरा चपापलोच. ग्रेटा तिथंच होती ना."

क्रेनच्या घरी जायची पाळी आली, तेव्हा मी गाडीतच बसतो, असं ऑरिन म्हणाला. हेस्टरनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

दार जोलीननं उघडलं. केस आखूड केले होते तिनं. तिला ते शोभत होते, हे ऑरिनला नको असताना दिसलं. तिनं दोघांना थंड चहा दिला. ऑरिनच्या पेल्यात न विचारता लिंबू पिळलं, टोबायसच्या पेल्यात नाही. एवढ्याशा गोष्टीनं ऑरिनला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

टोबायस क्रेन उंच, सडपातळ, हातांवर दोरांचे वण असलेला माणूस होता. हेस्टरनं कागद उलगडून कण पुढे केले. त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरले आणि खाली ठेवून हात धुऊन आला.

"कुरणातली सेजची झुडपं मारायला वापरतात ते. इथं अर्ध्या गावाच्या कोठारात सापडेल. माझ्याही शेडमध्ये एक पिशवी आहे."

"हे कसं काम करतं?"

"नुसतं पडून राहिलं तर काहीच करत नाही. महिनोन्‌महिने तसंच राहील. पाणी पडलं की मुळांपर्यंत उतरतं. मग झाडाला पालवी येते, गळते, पुन्हा येते, पुन्हा गळते. शेवटी झाडाची ताकद संपते." त्यानं पुन्हा कणांकडे पाहिलं. "ऑलगुडच्या ओकखाली सापडलं का हे?"

हेस्टरनं होकारार्थी मान हलवली.

"तर मग झाड गेलं. मला वाटत होतं माझ्याच हातून काही चुकलं. रोज रात्री औषधाची बाटली आठवतोय."

जोलीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ऑरिननं पेला न संपवता ठेवून दिला.

"बघितलंस?" बाहेर आल्यावर तो हेस्टरला म्हणाला. "किती माहिती त्याला. शेडमध्ये पिशवी आहे म्हणून स्वतःच कबूल करतो. चिपा त्यानं टाकल्या, पाणी कुठं घालायचं हे त्यानंच तिला शिकवलं. आधी झाड मारायचं, मग ते तोडायचं कामही आपणच मिळवायचं."

"आणि गवत?"

"गवताचं काय?"

"बुंध्यात भरलेलं औषध झाडात राहतं, ऑरिन. ते गवतापर्यंत जात नाही. त्या मेलेल्या गवतावरून तू चालून आलास, तरी ते पाहिलं नाहीस." हेस्टरनं गाडीचं दार ओढून घेतलं. "तुला क्रेन गुन्हेगार हवाय. हवा असणं निराळं आणि असणं निराळं."

हे तिनं अजिबात न रागावता म्हटलं. म्हणून ते जास्त लागलं.

ग्रेटा गावाबाहेर, नवऱ्याच्या गुरांच्या वाड्यावर राहत होती. ती त्यांना हिरव्या मिरचीचं कालवण ढवळतानाच सामोरी आली, आणि हातातला डाव खाली न ठेवता बोलत राहिली. तिचा स्वर सरळ होता. रोसाल्बानंच झाड मारलं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. मेलेल्या बाईचा मत्सर करणारी माणसं असतात, ती म्हणाली. घरात आईचं जे जे होतं ते एकेक करून माळ्यावर गेलं, आईच्या पडद्यांपासून आईच्या ताटांपर्यंत. राहिलं होतं ते एक झाड.

"रोसाल्बा हिवाळाभर त्याला पाणी घालत होती," हेस्टर म्हणाली.

"माहितीये. पाण्याबरोबरच उतरतं ना ते. म्हणून तर घालत होती."

ऑरिनला यात काही वावगं वाटलं नाही. हेस्टर मात्र खिडकीबाहेर पाहू लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत आयरिसची दाट रांग होती. पानं ठीक, पण अख्ख्या रांगेत फूल एकच, फिकट जांभळं. बरेचसे गड्डे जमिनीतून वर उचलले गेले होते, जसे उशिरा लावलेले आणि मूळ धरायच्या आत गोठणाऱ्या जमिनीनं वर ढकललेले गड्डे असतात.

"तुमच्या आईची?"

"हो. दोन वर्षांपूर्वी आणली. वाफा फार दाटला होता, म्हणून निम्मी विरळ करून आणली. उरलेली झाडाबरोबर गेली बिचारी." ग्रेटाचा आवाज इथं पहिल्यांदा जरा हलला.

हेस्टरनं कालवणाच्या वासाची तारीफ केली आणि निरोप घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेस्टरनं वॉरन, रोसाल्बा, ग्रेटा आणि लिंड यांना ओकखाली बोलावलं. टोबायस क्रेनला बोलवावं की नाही याबद्दल तिनं वॉरनला विचारलं. वॉरन नाही म्हणाला. ऑरिन कुंपणाला टेकून उभा राहिला. काय व्हायचंय ते त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"आधी क्रेनचं," हेस्टरनं सुरुवात केली. "त्याचं औषध बुंध्यात गेलं. पण गवत मेलं, गूजबेरी मेली. म्हणजे विष झाडात नाही, जमिनीत घातलं गेलं. ते मला सापडलंही. कुरणात वापरतात त्या गोळ्या. त्या ग्रेटाकडे असतील, लिंडकडे असतील, क्रेनकडे आहेत. कोणाकडे आहेत यावरून काही ठरत नाही."

वॉरन बुंध्यावरच्या बुचांकडे पाहत राहिला. आपण एका माणसाचा धंदा बुडवला, हे त्याच्या तोंडावर हळूहळू उमटलं.

"गोळ्या चिपांच्या खाली होत्या. म्हणजे नोव्हेंबरच्या आधी टाकल्या गेल्या. आता लिंड. त्यांना फांद्या काढून हव्या होत्या, आणि तसा शब्द त्यांना लग्नाच्या दिवशी मिळाला. त्यापुढे झाड मारून त्यांना काही मिळणार नव्हतं."

"मग राहिली मी," रोसाल्बा म्हणाली.

"तुम्ही पाणी घातलंत, आणि त्याच पाण्यानं विष खाली नेलं. ते खरं आहे. पण या दगडांमध्ये काय होतं, ते बघू." हेस्टर उघड्या तुकड्याशी जाऊन उभी राहिली. "इथली आयरिस विषानं मेली, असं सगळे धरून चाललेत. आयरिस मेली तर पानं जातात, गड्डा मातीत वाळून पडून राहतो. काल मी खोल उकरून पाहिलं. एकही गड्डा नाही, एक साल नाही, एक मूळ नाही. इथली आयरिस मेली नाहीत. विष पडायच्या आधी कोणीतरी ती सगळीच्या सगळी खणून नेली."

हेस्टर ग्रेटाकडे वळली.

"तू काल म्हणालीस, दोन वर्षांपूर्वी निम्मी नेली. पण गेल्या सप्टेंबरातल्या लग्नाच्या फोटोत इथं पानांची दाटी आहे. लिंडच्या कुंपणाला हीच आयरिस यंदा भरभरून फुललीत, कारण ती जुनी आहेत. तुझ्याकडच्या रांगेत एकच फूल आहे आणि गड्डे थंडीनं वर आलेत. म्हणजे ती गेल्या शरद ऋतूत, उशिरा लावलीत. आयरिस हलवायचा तो काळच नव्हे. तुझ्या आईनं तुला हे शिकवलं असणार. तरी तू हलवलीस, कारण थांबायला वेळ नव्हता. ऑक्टोबरात हे दोघं बाहेरगावी होते आणि किल्ली तुझ्याकडे होती. पानं तशीही थंडीनं वाळतात, म्हणून परत आल्यावर यांच्या काही लक्षात आलं नाही."

"तेवढ्यावरून..." वॉरन म्हणाला.

"आणखी एक आहे. जमिनीत विष आहे हे काल दुपारपर्यंत फक्त मला, ऑरिनला आणि क्रेनच्या घरी माहीत होतं. गाव म्हणत होतं बुंध्यातलं औषध. आणि ग्रेटा मला म्हणाली, पाण्याबरोबरच उतरतं ना ते." हेस्टरचा आवाज खाली आला. "लोइस नकोशी असलेल्या माणसानं लोइसची फुलंही मरू दिली असती. ज्यानं झाड मारण्याआधी तिची फुलं वाचवली, त्याचं लोइसवर प्रेम होतं. इथं अशी माणसं दोन, आणि ऑक्टोबरात त्यांतलं एक किनाऱ्यावर होतं."

 लिंड टोपी काढून हातात घेऊन उभा होता. मग ग्रेटा बोलली, बापाकडे पाहत.

"आजपासून हा रोसाल्बाचा, म्हणालात तुम्ही. माझ्या हातात तिचा गुच्छ होता आणि तुम्ही आईचं झाड तिला देऊन टाकलंत. माझी आई या मातीत आहे, बाबा. तिच्यावर उभे राहून लोक नाचले."

"ग्रेटा..."

"तिला मिळण्यापेक्षा कोणालाच नको, असं वाटलं मला. बर्फ वितळला की विष खाली उतरून झाड जाईल, असं धरलं होतं. बर्फ पडलाच नाही. मग एक दिवस रस्त्यावरून जाताना दिसलं, ही नळी ओढत फिरतेय. मी गाडी थांबवली. एका शब्दात थांबवता आलं असतं."

"मग?" हेस्टरनं विचारलं.

"मी बघत बसले. तिच्याच हातानं होतंय हे बघून मला बरं वाटलं."

 ते बरं वाटणं कसं असतं, हे ऑरिनला सांगायची गरज नव्हती.

रोसाल्बा ग्रेटाच्या समोर येऊन उभी राहिली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली.

"मला हे झाड कधीच आवडलं नाही. तुझे बाबा रोज संध्याकाळी इथं येऊन बसायचे आणि मी खिडकीतून त्यांची पाठ बघायचे. ते मेलं तर बरं, असं माझ्या मनात शंभरदा आलं. म्हणूनच मी एकदाही पाणी चुकवलं नाही. हात सोलून निघाले, तरी नाही. माझं मन मला माहीत होतं, म्हणून."

ग्रेटानं तेव्हा पहिल्यांदा तिच्या हातांकडे पाहिलं, आणि ती रडू लागली. तिला जवळ घ्यायला कोणी पुढे झालं नाही. वॉरन दोघींच्या मधे उभा होता. दोघींपैकी कोणाकडे जावं हे त्याला उमजत नव्हतं, आणि हे आत्ताच झालेलं नव्हतं, हेही त्याला बहुधा आत्ता कळत होतं.

पुढे काय करायचं हे रोसाल्बानं ठरवावं, असं हेस्टर म्हणाली, कारण काम तिचं होतं. रोसाल्बानं पोलिसांचं नाव काढलं नाही. ग्रेटानं नगर समितीपुढे स्वतः जाऊन सांगावं आणि क्रेनचं नाव धुऊन काढावं, एवढंच तिनं मागितलं. शिवाय आयरिस परत आणू नयेत. इथल्या मातीत आता ती जगायची नाहीत.

त्या रात्री वॉरन पाहुण्यांच्या खोलीतून बाहेर आला की नाही, हे ऑरिनला कधी कळलं नाही. रोसाल्बा मात्र ते घर सोडून गेली नाही.

परतताना हेस्टरनं क्रेनच्या रस्त्यावर गाडी वळवायला सांगितली, आणि या वेळी तीच गाडीत बसून राहिली.

"तू सांगून ये," ती म्हणाली.

"मीच का?"

हेस्टरनं मलमाची डबी उघडली.

टोबायस आणि जोलीन ओट्यावर बसली होती. ऑरिन पायऱ्यांच्या खालीच थांबला. त्यानं सगळं सांगितलं, गवतापासून गड्ड्यांपर्यंत, आणि शेवटी जोलीनकडे वळून म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचा काही दोष नव्हता. मला वाटत होतं, असावा."

 टोबायस आपल्या हातांकडे पाहत होता. मग म्हणाला, झाड आता उतरवावं लागेल, भोवतालची मातीही काढावी लागेल. वॉरननं बोलावलं तर जाईन. पण त्याचा खाली दोर धरणारा माणूस गेल्याच आठवड्यात दुसऱ्याकडे लागला होता.

"वजन पेलणारा माणूस हवा," तो म्हणाला. "तुला जमेल?"

ऑरिननं जोलीनकडे न बघता हो म्हटलं.

वॉरननं बोलावलं. काम जुलैत झालं. हवा इतकी कोरडी होती की करवतीचा भुसा जमिनीवर पडायच्या आधीच उडून जात होता. टोबायस शेंड्यापासून सुरुवात करून एकेक फांदी कापत खाली येत होता. कापलेली फांदी दोराला लटकायची आणि तो दोर ओकच्याच बुंध्याला तळाशी वेढा घालून ऑरिनच्या हातात असायचा. एका मोठ्या फांदीखाली टोबायस स्वतः अडचणीच्या जागी उभा होता. ती आपटली असती तर तो वाचला नसता. रोसाल्बा आणि जोलीन कुंपणापाशी उभ्या होत्या.

करवत थांबली. वरून आवाज आला.

"धरलंस?"

ऑरिननं पाय रोवले आणि दोराला आणखी एक वेढा दिला.

"धरलंय," तो म्हणाला. "काप."